पहिली-दुसरीच्या मुलांसाठी प्रश्नमंजुषा? आपल्या राज्याची चिन्हं घ्या!

‘राजधानी कोणती’ हा प्रश्न मुलं झोपेतही सोडवतात. त्याऐवजी विचारा: महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? हमखास ‘वाघ’ असं उत्तर येतं. पण तो राष्ट्रीय प्राणी. आपला आहे शेकरू, म्हणजे झाडांवरच राहणारी मोठी, तांबूस खार. भीमाशंकरच्या जंगलात ती दिसते. मग पुढचा प्रश्न तयारच: शेकरू घरटं कुठे बांधतं? उंच झाडावर, काटक्या-पानांचं, आणि एक नाही तर बरीच!

राज्यपक्षी हरियाल. हिरवट कबूतरच ते, पाय मात्र पिवळेधमक. वड-पिंपळाला फळं आली की मान वर करून शोधा. राज्यफूल ताम्हण, जांभळं. उन्हाळ्यात रस्त्याकडेलाही फुललेलं सापडतं. राज्यवृक्ष आंबा, तो सांगायलाच नको.

माझा सगळ्यात लाडका प्रश्न फुलपाखराचा. ब्लू मॉरमॉनला 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळाला, आणि असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळे पंख, त्यावर निळी झाक. लिंबाच्या जातीच्या झाडांवर त्याची मादी अंडी घालते, तेव्हा कुंडीतल्या लिंबाची पानं कुरतडलेली दिसली तर अळी लगेच झटकू नका. आधी मुलांना दाखवा!