बिर्गर सँडझेन : माळाची चित्रे, माळावरच्या भिंतींसाठी

अमेरिकेच्या मध्यभागी, कॅन्सस राज्यातल्या लिंड्सबर्ग नावाच्या लहानशा गावात जून 1954 मध्ये चित्रकार बिर्गर सँडझेन वारले. त्यांच्या मागे अडीच हजारांहून अधिक तैलचित्रे, शेकडो जलरंगचित्रे आणि छापचित्रांचा प्रचंड पसारा उरला. 207 लिथोग्राफ, लाकडाच्या किंवा लिनोलियमच्या ठशांवरून काढलेली 94 चित्रे आणि धातूच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेली 27 ड्रायपॉइंट अशा एकूण 328 रचना, आणि या सगळ्यांच्या मिळून प्रती 33 हजारांवर. सँडझेन यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण सुरुवात तैलचित्रांपासून करतात. बोटभर जाड रंग, जांभळे कडे, नारिंगी झाडे, हिरवे-निळे पाणी. कॅनव्हासजवळ गेले की नुसते रंगाचे ढेकूळ आणि दहा पावले मागे आले की त्यातून उभा राहणारा डोंगर. हे सगळे खरेच डोळे दिपवणारे आहे. छापचित्रांचा उल्लेख मग शेवटच्या परिच्छेदात, फावल्या वेळेतला उद्योग म्हणून येतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. सँडझेन यांचे सर्वांत मोलाचे काम त्या 33 हजार कागदांत आहे, कारण ते ज्या प्रदेशाचे चित्रकार होते त्या प्रदेशाच्या घरांत आणि शाळांत ते याच कागदांतून पोचले.

ते जन्माने कॅन्ससचे नव्हते. 5 फेब्रुवारी 1871 रोजी स्वीडनमधल्या ब्लिड्सबर्ग गावी एका ल्यूथरन धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. स्टॉकहोममध्ये राजमान्य अकादमीशी फटकून वागणाऱ्या कलावंतांनी स्वतःचा शिक्षणवर्ग काढला होता. तिथे ते अँडर्स झोर्न आणि रिचर्ड बेर्ग यांच्या हाताखाली शिकले. झोर्न हे तैलचित्रांइतकेच एचिंगसाठी, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरच्या छापचित्रांसाठी, नावाजलेले होते, त्यामुळे चित्रकाराने छापचित्रे काढणे म्हणजे पायरी उतरणे, ही समजूत या विद्यार्थ्याच्या मनात कधी रुजलीच नसावी. पुढे काही महिने पॅरिसला एडमंड अमान-जाँ यांच्याकडे काढून 1894 साली, तेविसाव्या वर्षी, ते लिंड्सबर्गच्या बेथनी कॉलेजात शिकवायला आले. 1869 मध्ये स्वीडिश स्थलांतरितांनी वसवलेले हे गाव. ईस्टरच्या आठवड्यात हँडेलचा ‘मसाया’ गाण्याची प्रथा तिथे 1882 पासून सुरू झालेली. शेतकरी, दुकानदार, विद्यार्थी सगळे त्या गायनात उभे राहत. सँडझेन आले ते दोन-एक वर्षे राहून परतायच्या बेताने, आणि राहिले ते जन्मभर. भाषा शिकवल्या, कला शिकवली, 1946 साली निवृत्त झाले. 1899 पासून त्या गायनोत्सवाला जोडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रप्रदर्शन भरवायला सुरुवात केली. गाणे ऐकायला आलेला माणूस चित्रेही पाहून जाईल, हा त्यामागचा हिशेब. सँडझेन यांच्या पुढच्या साऱ्या उद्योगाचे बीज मला या साध्या हिशेबात दिसते.

चित्रकार म्हणून मात्र नवा प्रदेश त्यांना लगेच साधला नाही. सुरुवातीच्या वर्षांतली चित्रे संधिप्रकाशातली, करड्या-तपकिरी सुरातली आहेत. डोळा अजून उत्तर युरोपच्या ओलसर हवेतून बघत होता. कॅन्ससची हवा कोरडी आणि प्रकाश कडक. सावलीला तिथे धूसर कडा नसते, आणि सपाट माळावर नजर अडवायला ओढ्याकाठच्या कॉटनवुड झाडांच्या रांगेखेरीज काही नसते. या प्रकाशाला योग्य रंग आणि फटकारा सापडायला सँडझेन यांना पंधरा-वीस वर्षे लागली. मधल्या काळात त्यांनी शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून पाहिले, पुढे ते ठिपके लांबत, वळत गेले. कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वताच्या उन्हाळी मुक्कामांनी आणि 1918 नंतर न्यू मेक्सिकोच्या फेऱ्यांनी रंग आणखी धीट झाला. 1915 ते 1925 या दहा वर्षांत त्यांची शैली पक्की झाली असे म्हणायला हरकत नाही. आणि त्यांनी छापकाम हाती घेतले तेही नेमके याच दहा वर्षांत.

ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे. लिंड्सबर्गजवळच्या मॅकफर्सन गावात कार्ल स्मॉली नावाचा तरुण वडिलांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात छापचित्रे विकायला ठेवत असे. शेतकरी पेरणीचे बी न्यायला येणार, आणि जाताना भिंतीवरचे चित्र बघणार. याच स्मॉलींच्या आणि सँडझेन यांच्या खटपटीतून 1911 पासून मॅकफर्सनच्या हायस्कुलात दरवर्षी चित्रप्रदर्शन भरू लागले. नाममात्र प्रवेशशुल्क घ्यायचे आणि जमलेल्या पैशांतून शाळेसाठी चित्र विकत घ्यायचे, अशी रीत पडली. लोकांना चित्र हवे असते पण तैलचित्र परवडत नाही, हे स्मॉलींना रोज दुकानात दिसत होते. त्यांनी लकडा लावला, आणि 1916 साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सँडझेन लिथोग्राफकडे वळले. म्हणजे छापचित्रांची सुरुवात प्रयोगशील कलावंताच्या हौसेतून झाली नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार करून झाली होती. काहींना हे कमीपणाचे वाटेल. माध्यम कुठल्या कारणाने निवडले यावरून त्यातल्या कामाची प्रत ठरत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

आता ते काम जवळून पाहू. लिथोग्राफमध्ये चित्रकार तेलकट खडूने दगडावर किंवा खास तयार केलेल्या धातूच्या पत्र्यावर चित्र काढतो. पाणी फिरवले की खडूची रेघ पाणी झिडकारते आणि शाई धरते, बाकीची जागा पाणी धरते आणि शाई झिडकारते. त्या काळचे बरेच लिथोग्राफर खडू हलक्या हाताने घासून मऊ राखाडी छटा काढत, आणि मग चित्र फोटोसारखे गुळगुळीत दिसे. सँडझेन यांनी तो मार्ग टाळला. त्यांचा खडू ब्रशसारखा चालतो: आखूड, जाड, वळणदार रेघांचा पुंजका, खडक असेल तर त्याच्या भेगेच्या दिशेने, झाड असेल तर खोडाच्या पिळाबरोबर, ढग असेल तर वाऱ्याच्या अंगाने. दोन रेघांमधला कोरा कागद म्हणजे कॅन्ससचे ऊन. लाकडाच्या ठशांत तर ते आणखी पुढे गेले. कोरणीऐवजी खिळा घेऊन फळीवर हातोडीने ठोके मारायचे. जिथे खिळ्याचा खड्डा पडला तिथे शाई लागत नाही, आणि काळ्या पृष्ठभागावर पांढरा ठिपका उमटतो. अशा शेकडो ठिपक्यांतून झाडांचे शेंडे आणि पाण्यावरची लकाकी उभी राहते. तारुण्यात रंगांचे ठिपके ठेवणारा हाच तो हात, इथे रंग वजा करून तेच काम करतो.

सँडझेन म्हणजे रंग, आणि काळ्या-पांढऱ्यात उरते काय, या आक्षेपाचे उत्तर मला इथेच मिळते. रंगाची भूल बाजूला झाली की त्यांच्या चित्राचा सांगाडा दिसतो, आणि तो सांगाडा भक्कम आहे. तैलचित्रांत कधीकधी रंगच इतका गर्जतो की रचनेतली ढिलाई झाकली जाते. काही मोठ्या पर्वतचित्रांत प्रत्येक इंच सारख्याच जोराने बोलतो आणि नजरेला टेकायला जागा उरत नाही. लिथोग्राफमध्ये असे करून चालत नाही. कागद कोरा सोडावा लागतो, कुठे थांबायचे ते ठरवावे लागते. स्मोकी हिल नदीची किंवा पश्चिम कॅन्ससमधल्या वाइल्ड हॉर्स क्रीकची छापचित्रे मला त्यांच्या भव्य डोंगरांपेक्षा सरस वाटतात ती यामुळे. उथळ पाण्याचा एक ओढा, दोन-चार झाडे, वर आभाळ. एवढ्याशा ऐवजातून माळाचा पसारा जाणवतो.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. जाड रंग आणि वळणारे फटकारे पाहून समीक्षकांनी त्यांची तुलना व्हॅन गॉगशी वारंवार केली, आणि तुलनेच्या पोटात आरोप होता. साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु स्वीडनमधले शिक्षण, ठिपक्यांचा टप्पा, मग लांबणारे फटकारे अशी जी सलग वाट त्यांच्या चित्रांत दिसते, ती दुसऱ्याची शैली उचलणाऱ्याची वाट नव्हे. शिवाय व्हॅन गॉगच्या सायप्रसमध्ये जी आतली तगमग आहे ती सँडझेन यांच्या कॉटनवुडमध्ये औषधालाही नाही. त्यांचे झाड निरोगी आहे, ऊन खात उभे आहे. हा उणेपणा वाटत असेल तर तो त्यांचा स्वतःचा उणेपणा आहे, उसना घेतलेला नाही.

या सगळ्याला संघटनेची जोड मिळाली नसती तर ते चांगले छापचित्रकार म्हणून उरले असते, त्याहून अधिक नाही. 1913 साली लिंड्सबर्गला स्मोकी हिल आर्ट क्लब निघाला होता. विचिटा शहरात सी. ए. सीवर्ड हे व्यावसायिक लिथो छापखान्यात काम करत होते आणि स्वतःही कसबी कलावंत होते. धातूच्या पत्र्यावरच्या लिथोग्राफीवर त्यांनी 1931 साली पुस्तक लिहिले. जाहिराती आणि लेबले छापणाऱ्या यंत्रसामग्रीची माहिती कलेच्या कामी आली ती त्यांच्यामुळे. 28 डिसेंबर 1930 रोजी सँडझेन यांच्या स्टुडिओत ‘प्रेअरी प्रिंट मेकर्स’ ही संस्था स्थापन झाली. वर्गणी भरणाऱ्या सहयोगी सभासदाला दरवर्षी एक अस्सल छापचित्र भेट मिळायचे, आणि 1931 चे पहिले भेटचित्र होते सँडझेन यांचा लिथोग्राफ ‘अ कॅन्सस क्रीक’. तारीख नीट पाहावी. 1929 चा शेअर बाजार कोसळून वर्ष उलटले होते, गव्हाचे भाव पडले होते, आणि लवकरच धुळीची वादळे सुरू व्हायची होती. अशा वेळी कलावंतांनी एकत्र येऊन थोडक्या पैशांत सामान्य घरात चित्र पोचवण्याची व्यवस्था उभी केली. न्यूयॉर्कच्या असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स या कंपनीने पाच डॉलरला छापचित्रे विकायला काढली ती 1934 साली. त्या उपक्रमाची कलेतिहासात भरपूर चर्चा होते; त्याआधी माळावर सुरू झालेल्या या उपक्रमाची फारशी होत नाही.

इतक्या प्रती काढल्याने चित्राची किंमत उतरते, असे संग्राहक म्हणतील. 328 रचनांच्या 33 हजार प्रती म्हणजे सरासरीने एकेका रचनेच्या शंभर. दुर्मिळतेच्या बाजारात हा आकडा मोठा आहे. पण दुर्मिळता हवी कुणाला होती? पदवीला निघालेला हायस्कूलचा वर्ग वर्गणी काढून शाळेला निरोपाची भेट म्हणून चित्र देतो, हा प्रघात त्या भागात पडला होता, आणि सँडझेन आपल्या कामाचे दर मुद्दाम लोकांच्या आवाक्यात ठेवत. ज्या मुलांनी शिकागो किंवा न्यूयॉर्कचे संग्रहालय कधी पाहिले नाही, त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात मूळ चित्र लागले होते, आणि ते चित्र त्यांच्याच ओढ्याचे होते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. 1930 च्या दशकात पश्चिम कॅन्ससमध्ये आभाळ धुळीने काळे झाले, शेते उडून गेली, माणसे परागंदा झाली. सँडझेन यांच्या चित्रांत यातले काही नाही. कॅन्ससचाच सुपुत्र जॉन स्टुअर्ट करी याने चक्रीवादळ रंगवले, राज्याच्या विधानभवनात गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा उग्र जॉन ब्राउन उभा केला आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. सँडझेन यांनी लिंड्सबर्ग, बेलव्हिल आणि हॉलस्टेडच्या पोस्टासाठी चित्रे केली, त्यांतल्या पहिल्या दोहोंचे विषय नदी आणि ओढा. त्याहूनही मागे जायचे तर ज्या जमातीवरून या राज्याचे नाव पडले, त्या कॉ लोकांना 1873 साली, लिंड्सबर्ग वसल्यावर अवघ्या चार वर्षांनी, राज्याबाहेर हलवण्यात आले. सँडझेन यांच्या चित्रांतला माळ निर्जन आणि अनादि दिसतो. तो तसा रिकामा कसा झाला, हे चित्र सांगत नाही. ही त्यांची मर्यादा आहे. पण तुलना करीशी होत असेल तर एक गोष्ट विसरता कामा नये: 1929 मध्ये ‘टॉर्नेडो ओव्हर कॅन्सस’ रंगवला तेव्हा करी राहत होता पूर्व किनाऱ्यावरच्या कनेटिकटमध्ये, आणि त्या चित्राचा बोलबाला झाला तो न्यूयॉर्कमध्ये. खुद्द कॅन्ससच्या लोकांना ते आवडले नाही. करीने प्रदेशाचे नाट्य बाहेरच्यांना दाखवले. सँडझेन यांनी प्रदेशाचे रूप तिथल्याच लोकांना, त्यांच्याच ऐपतीत दिले. दोन्ही कामे हवीत. प्रादेशिक चित्रकार म्हणून मान मात्र पहिल्यालाच मिळाला आहे, आणि तो न्याय नाही.

न्यूयॉर्क सँडझेन यांना अगदीच परके नव्हते. 1922 साली बॅबकॉक गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, चर्चाही झाली. ते तिकडे गेले असते तर कदाचित नाव अधिक मोठे झाले असते. ते परतले, कॉलेजात शिकवत राहिले, आसपासच्या गावांत चित्रांविषयी व्याख्याने देत राहिले, दर वसंतात प्रदर्शन मांडत राहिले. यात प्रांतीय संकोच होता असे मला वाटत नाही. माणूस बावन्न वर्षे एका गावात शिकवतो आणि त्याच काळात 328 छापरचना करतो, त्यामागे ठाम निवड असते. तैलचित्रांच्या लिलावांतल्या वाढत्या किमतींकडे पाहून आज त्यांची थोरवी सांगितली जाते, तेव्हा हीच निवड नजरेआड होते.

प्रेअरी प्रिंट मेकर्सचे काम त्यांच्या निधनानंतरही साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. 1957 साली बेथनी कॉलेजच्या आवारात त्यांच्या नावाची स्मारक गॅलरी उघडली. चार हजारांच्या आत वस्ती असलेल्या त्या गावात ती अजून चालू आहे.