सायकल चालवा, पण दिवा लावून

मोहन्याच्या एनआरसी कंपनीची पाळी सुटली, की आंबिवलीच्या रस्त्यावर सायकलींची रांग लागे. मी दवाखाना थाटला त्या काळी पन्नाशी ओलांडलेले कामगारही डबा कॅरिअरला लावून, दम न लागता घरी जात. २००९ साली कंपनी बंद पडली आणि सायकलीही हळूहळू दिसेनाशा झाल्या. आता स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरांनाही रिक्षा लागते, आणि मधुमेहाचे रुग्ण पस्तिशीतच माझ्याकडे येतात. सारा दोष सायकल सुटल्याचा नव्हे. वडापाव आणि जागरणेही आहेतच.

दोन वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले. वय ४६, मुंबईत नोकरी, रक्तातील साखर वाढलेली. ‘‘फिरायला वेळ कुठून काढू?’’ ही नेहमीची तक्रार. मी म्हटले, ‘‘स्टेशनला सायकलने जा.’’ जाताना दहा मिनिटे, येताना दहा, असे सहा दिवस आणि रविवारी अर्धा तास. झाली १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्यूदर सायकलवाल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक आढळला. हेही मी त्यांना ऐकवले.

तीन महिन्यांत साखर उतरली. मग पावसाळा आला. रात्री घरी येताना पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. गृहस्थ हातावर पडले, मनगटाजवळचे हाड मोडले. मागची रिक्षा कशीबशी थांबली. त्यांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, सायकल तुम्हीच घ्यायला लावली होती.’’

त्यांचे खरेच होते. औषध मी लिहून दिले, पण ते कसे घ्यायचे हे सांगितलेच नव्हते. त्यांच्या सायकलला दिवा नव्हता, मागे चमकणारी लाल पट्टी नव्हती, आणि डब्याची पिशवी हँडलला लोंबकळत होती. अशा पिशवीने हँडल ऐनवेळी वळत नाही. ओझे नेहमी कॅरिअरला बांधावे.

आता सायकल सांगितली की मी आधी दोन्ही ब्रेकची चौकशी करतो. हेल्मेट घ्यावे आणि त्याचा पट्टा लावावा. नुसते डोक्यावर ठेवून उपयोग नाही. उभ्या रिक्षा-मोटारींपासून हातभर अंतर ठेवावे, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. वळणाऱ्या ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीही घुसू नये. तिथला सायकलवाला चालकाला दिसत नाही. जवळ पडते म्हणून उलट्या बाजूने येणे तर सोडाच. पाणी साचलेल्या रस्त्यावर उतरून चालावे, त्यात लाज कसली?

गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांची सीट बहुधा फार खाली असते. पॅडल तळाला गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी ती वर घ्यावी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी व खिशात साखर ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले, की लगेच थांबून ती खावी. छातीत दुखल्यास तसेच पुढे रेटू नये, त्वरित डॉक्टर गाठावा.

प्लास्टर निघाल्यावर त्या गृहस्थांनी महिनाभर रिक्षाच केली. नंतर एके दिवशी सौभाग्यवतींनीच बाजारातून दिवा आणून सायकलला बसवून घेतला. रात्री नवाच्या सुमारास मी दवाखाना बंद करतो, तेव्हा तो दिवा स्टेशनकडून येताना दिसतो.