वजन उतरतं तेव्हा लघवीवरचा ताबा

खोकला किंवा शिंक आली की थेंबभर लघवी होते, हे कितीतरी बायका डॉक्टरांनाही सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. पोटावरच्या चरबीचा भार तिच्यावर सतत पडतो, आणि बाळंतपणात ताणलेली ती आणखी सैलावते.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची अमेरिकेतली मोठी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. आधी सुमारे ४९ टक्के स्त्रियांना आठवड्यातून एकदा तरी हा त्रास व्हायचा. वर्षभराने तो १८ टक्क्यांनाच उरला. तिसऱ्या वर्षी आकडा पुन्हा २५ पर्यंत चढला, तरी हा दिलासा फार मोठा आहे.

फक्त यासाठी कुणी शस्त्रक्रिया करून घेऊ नये. २००९च्या एका अमेरिकी चाचणीत आहार-व्यायामाने सरासरी ८ टक्के वजन उतरलं, तेवढ्यानेही लघवी सुटण्याचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीचं मात्र वेगळं आहे: एकदा खाली सरकलेली गर्भपिशवी वजन घटलं म्हणून सहसा जागेवर परतत नाही. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं, आणि लवकर.