थरथरणारी गाडी आणि विक्रेत्याचा शब्द

वाहतुकीच्या कोंडीत गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत असते. क्लच दाबण्याचा त्रास नाही, गिअर बदलण्याची दगदग नाही. अशा निवांत क्षणी सारी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागते. फोर्ड कंपनीच्या फिएस्टा आणि फोकस या छोट्या गाड्या स्वयंचलित गिअरसह घेणाऱ्या अमेरिका-ऑस्ट्रेलियातील अनेक कुटुंबांना हा अनुभव आला. बिघाड यंत्रातला होता. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न व्यापारातील सचोटीचा होता.

दोष कोठे होता?

जुन्या पद्धतीच्या स्वयंचलित गाडीत इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरपेटीपर्यंत पोहोचते. त्यामुळे गाडी अलगद चालते, मात्र इंधन काहीसे अधिक लागते. ही उधळपट्टी टाळण्यासाठी ‘पॉवरशिफ्ट’ नावाची सहा गिअरची पेटी आली. तिच्यात दोन क्लच होते. एकाकडे पहिला, तिसरा व पाचवा गिअर, तर दुसऱ्याकडे दुसरा, चौथा व सहावा. एक गिअर चालू असतानाच पुढचा सज्ज राही. हे क्लच तेलात बुडालेले नसून कोरडे होते. बचतीचे मर्म तेथेच होते आणि दुखणेही तेथेच.

गर्दीत गाडी पुन्हा पुन्हा हलवावी लागते. त्या वेळी क्लच पूर्ण न जुळता घासत राहतो व तापतो. उष्णता वाहून नेण्यास तेल नसते. त्यातच दांड्यावरील सीलमधून तेल झिरपून क्लचच्या कोरड्या पृष्ठभागावर आले, तर पकड बिघडते आणि गाडी थरथरते. काही गाड्यांत गिअरपेटीवर हुकमत चालविणारा संगणकीय भागच निकामी होई आणि गाडी जागीच थांबे. २०१४ मध्ये अमेरिकेत कंपनीने क्लच व सील यांची हमी ७ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत, तर त्या संगणकीय भागाची १० वर्षे किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढविली.

दंड कशाबद्दल झाला?

ऑस्ट्रेलियात मात्र प्रकरण न्यायालयात गेले. थरथर हे दोषाचे लक्षण आहे हे ठाऊक असूनही, ती चालकाच्या गाडी चालविण्याच्या पद्धतीमुळे होते, असे तक्रारदारांना वारंवार सांगण्यात आले. गाडी बदलून मागणाऱ्या कित्येकांना नव्या गाडीसाठी स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम भरावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हा दंड यंत्र सदोष निघाल्याबद्दल नव्हता, तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला मिळालेल्या वागणुकीबद्दल होता. पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी घ्यावा.

आपल्याकडील गाडी घेताना

भारतातही २०१३ साली आलेल्या इकोस्पोर्टच्या पेट्रोल स्वयंचलित प्रकारात सहा गिअरची दुहेरी क्लचची पेटी होती. २०१७ च्या नव्या आवृत्तीत तिची जागा पारंपरिक स्वयंचलित पेटीने घेतली. २०२१ मध्ये कंपनीने भारतातील मोटार-उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. जुन्या गाड्या मात्र हातोहात फिरत आहेत. म्हणून कोणत्याही कंपनीची जुनी स्वयंचलित गाडी घेताना केवळ रंग आणि टायर पाहून सौदा करू नये. इंजिन व गिअरपेटी चांगली तापेपर्यंत, निदान अर्धा तास, गर्दीतून व चढावरून ती चालवून पाहावी. निघताना थरथर, गिअर बदलताना धक्का, किंवा मागे जाण्याचा गिअर पडण्यास विलंब जाणवल्यास सावध व्हावे. संगणकीय तपासणी करून घ्यावी, देखभालीच्या पावत्या मागाव्यात.

गाडी आपलीच असेल, तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर ती तोलून धरू नये, ब्रेक वापरावा. गर्दीत इंच-इंच सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्यावी. पहिली थरथर जाणवताच दुरुस्तीस न्यावी. घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून अशी गाडी घेतली असेल, तर ती भर चौकात बंद पडणे हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दल उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा यांना जबाबदार धरता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगाकडे जावे लागते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीचा कागद जपावा.

आणि हीच गाडी उद्या विकायची झाली तर? ‘गाडी उत्तम आहे’ असे म्हणून चार पैसे अधिक मिळतीलही. पण तिची थरथर दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाईल. दोष सांगून विकलेल्या मालाला भाव थोडा कमी येतो, एवढेच. तोच ग्राहक पुढच्या खेपेस पुन्हा आपल्याच दारी येतो.