१६०० मीटरला दम टिकतो, १०० मीटरला वेग का मिळत नाही?

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटेच गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दिसतात. बहुतेकांचा व्यायाम एकच, एका चालीने पाच-सहा किलोमीटर पळायचं. पण शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण १६०० मीटरला (मुलींना ८०० मीटर) आहेत. उरलेले ३० गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेकीचे, प्रत्येकी १५. तिथे नुसता दम कामी येत नाही.

स्नायू म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा. त्यात मुख्य जाती दोन. संथ तंतू प्राणवायूवर चालतात, जोर कमी लावतात पण लवकर थकत नाहीत. वेगवान तंतू झटक्यात ताकद देतात आणि लवकर ढिले पडतात. गावरान कोंबडी कापणाऱ्याला हा फरक माहीतच असतो. दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीची तंगडी गडद, कारण सतत राबणाऱ्या तंतूंमध्ये प्राणवायू साठवणारं लाल मायोग्लोबिन जास्त असतं. छाती लागते ती कुंपणावर झेप घेण्यापुरती, म्हणून ती पांढरट, वेगवान तंतूंची. माणसात इतके वेगळे कप्पे नसतात, दोन्ही जाती एकाच स्नायूत मिसळलेल्या असतात.

शरीर आधी संथ तंतू कामाला लावतं, जोर कमी पडला तरच वेगवान. पाटीभर शेण उचलायला कोणी जेसीबी बोलवत नाही! त्यामुळे सावकाश कितीही पळा, वेगवान तंतू बहुतेक बसूनच राहतात. त्यांना उठवायला ३०-४० मीटरच्या पूर्ण जोराच्या धावा, चढावरची धाव, उड्या, वजन घेऊन बैठका लागतात. दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबायचं. इथंच पोरं घाई करतात. धापा टाकत पुढची धाव घेतली की वेग पडतो आणि सराव पुन्हा दमाचाच होतो.

कोणते तंतू किती, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरतं. संथाचे वेगवान फारसे होत नाहीत, पण आहेत ते वेगवान तंतू सरावाने जाड आणि ताकदवान होतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं ती ३००० मीटर स्टीपलचेस तर दमाची शर्यत. तरी तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात, झटका तिथेही लागतोच.

वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, आणि लांब पळण्याच्या आधी करावा. पाय थकल्यावर केला तर उपयोग नाही, मांडीची मागची शीर धरण्याची भीती मात्र वाढते.