पणजोबांचा पत्ता : नमुना नंबर सहा

अ‍ॅडमिशनच्या वेळी जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटीसाठी ज्यांनी धावपळ केली, त्यांना वंशावळ म्हणजे काय हे सांगायला नको. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरं उघडली. पण एवढ्या कागदांत आपलं एक नाव शोधायचं कसं? नावाने नाही, नंबरने!

जुन्नर तालुक्यातलं पिंपरी पेंढार घ्या. नुसतं ‘पिंपरी’ म्हटलं की लोकांना पिंपरी-चिंचवडच आठवते. म्हणून 2011 च्या जनगणनेत प्रत्येक खेड्याला सहा आकडी कोड आहे. नाव सारखं असेल, कोड नाही. डेटाबेसच्या भाषेत ही झाली ‘प्रायमरी की’.

गाव ठरलं की पुढे वही. तलाठ्याच्या वह्यांना ‘गाव नमुना’ म्हणतात. सातबारा म्हणजे नमुना 7 आणि 12. सहा नंबर म्हणजे फेरफार, 6 क म्हणजे वारस नोंदवही. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढला की कोण वारलं आणि वारस कोण लागले, ते कळतं. मग वारलेल्या माणसाच्या नावावर जमीन कशी आली, त्याचा आधीचा फेरफार शोधायचा. म्हणजे आपली ‘लिंक्ड लिस्ट’च, फक्त उलट्या दिशेने आजोबा, पणजोबा असं मागे जाणारी.

फेरफाराने नातं सिद्ध होतं. पण जात हवी असेल तर जुना नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. इथे मात्र सांभाळा. आजच्या यादीत नमुना 14 म्हणजे गावातल्या पाणीपुरवठ्याच्या साधनांची माहिती! त्यामुळे अर्जात नुसता नंबर देऊ नका, ‘जन्म-मृत्यू नोंद’ हे शब्द आणि अंदाजे साल लिहा. बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत, तेव्हा वाचणारा जाणकारही लागेल.

ज्यांच्या घरी जमीनच नव्हती, त्यांना फेरफार कुठून मिळणार? त्यांनी आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा जनरल रजिस्टर नंबर बघावा. त्या नंबरवरून शाळेतली मूळ नोंद सापडू शकते.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की जुना सातबारा आणि दाखले बाहेर काढा, त्यांवरचे नंबर वहीत उतरवा, आणि आजीकडून नावं विचारून घ्या. कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात कदाचित राहतील. आजीच्या आठवणींची दुसरी प्रत कुठेच नसते.