चिऊचं दार, म्हाइंभटांची पोथी

चिमणीनं कावळ्याला दाराबाहेर इतका वेळ का ताटकळत ठेवलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, चिमणीचं मेणाचं टिकलं आणि भिजलेला शेजारी दारात उभा. आतून सबबींवर सबबी: बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, अंगडं चढवायचंय, तीट लावायचीय. अकोल्याची माझी मावशी ही यादी इतकी लांबवायची, की आम्हा पोरांपैकी कुणीतरी वैतागून म्हणायचंच, "मावशे, दार उघडाले लाव ना तिले!"

मावशीची चिमणी शेवटी दार उघडायची, कावळ्याला चुलीपाशी बस म्हणायची, तो नेमका तापल्या तव्यावर बसायचा आणि त्याचं बूड भाजायचं. आम्ही लोळून हसायचो. दुसऱ्या घरात हाच कावळा अंधाऱ्या कोपऱ्यात बसून चिमणीनं साठवलेले चणे कुटूकुटू फस्त करायचा. हल्लीच्या गुळगुळीत पुस्तकांत मात्र दोघांची मैत्री होते, दोघं मिळून नवं घर बांधतात आणि शेवटच्या पानावर चौकटीत प्रश्न असतो: यातून आपण काय शिकलो? मैत्री आणि दया शिकवायला लोकांना हीच गोष्ट सापडावी याचं मला नवल वाटतं. या गोष्टीत दया आहे कुठे? असलीच तर ती दार उघडायला लाव म्हणणाऱ्या पोरात आहे. चिमणीच्या अंगी तिचा लवलेश नाही.

या गोष्टीचं जुन्यातलं जुनं लेखी रूप आपल्या वऱ्हाडातच कागदावर उतरलं, हे कळल्यावर मग मी तिचा पिच्छा सोडला नाही. ग्रंथ लीळाचरित्र. सांगणारे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी. चिमणीच्या जागी तिथे साळई आहे, पण घरं तीच, एक शेणाचं आणि एक मेणाचं. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्याही आधी मराठी मुलखात कावळ्याचं घर पावसात वाहून जात होतं.

चक्रधरांचं चरित्र, पंथाची स्थापना, देवगिरीच्या यादव दरबारातलं वैर, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. ते उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर शिष्यमंडळी नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या, मागोमाग रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेला आली. रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. तिथे वाजेश्वरीच्या देवळात बसून सराळ्याच्या म्हाइंभटांनी भटोबासांकडून चक्रधरांच्या आठवणी, म्हणजे लीळा, ऐकायला आणि लिहायला सुरुवात केली. काळ परंपरेनं १२७८ च्या सुमारासचा मानतात.

हे म्हाइंभट मला फार आवडतात. माणूस शास्त्रं कोळून प्यालेला, वाद घालण्याच्या खुमखुमीनं चक्रधरांकडे गेलेला आणि तिथेच विरघळलेला. एवढा पंडित लिहायला बसतो तेव्हा तत्त्वज्ञानच लिहील, अशी कुणाचीही अपेक्षा असते. म्हाइंभट लिहितात ते स्वामी कुठे बसले, कुणी काय वाढलं, कोण रुसलं, कोण हसलं. ज्यानं पाहिलं त्याला गाठून विचारायचं, हा त्यांचा खाक्या. एकाच प्रसंगाचे दोघांनी वेगवेगळे सांगितलेले तपशीलही या ग्रंथानं एकमेकांशेजारी ठेवले, छाटले नाहीत. कावळा आणि साळई या पोथीत शिरले ते अशा लेखकाच्या हातून. दुसऱ्या कुणी ‘ही तर पोरांची गोष्ट’ म्हणून सोडून दिली असती.

त्याच रिद्धपुरात दुसरेही एक पंडित होते, केशिराजबास. चक्रधरांच्या बोलण्यातले दृष्टांत निवडून त्यांनी दृष्टांतपाठ रचला. एकूण ११४ दृष्टांत, आणि प्रत्येकाची मांडणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्यातून घ्यायचा बोध. हत्ती चाचपणारे जन्मांध तिथेच भेटतात. कुणाच्या हाती पाय लागतो, कुणाच्या हाती कान, आणि लगेच त्याचा अर्थ हजर. काम मोठं आहे, वादच नाही. पण बालपुस्तकांतल्या त्या चौकटीचे मूळपुरुष मला केशिराजबासच वाटतात. दोघांपैकी एकाची पोथी उचल म्हटलं तर मी म्हाइंभटांचीच उचलीन.

केशिराजबास संस्कृतात लिहू पाहत होते. भटोबासांनी त्यांना अडवलं. असं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या याला मुकतील, हे त्यांचं कारण. ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात नोंदलेला हा प्रसंग मराठीच्या अभिमानाच्या भाषणांत हमखास येतो, आणि टाळ्या पडतात त्या मराठीसाठी. मला त्यात म्हाताऱ्या जास्त दिसतात. पंथात बायका मोठ्या संख्येनं होत्या. धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचणारी महदाइसा तर प्रश्न विचारून विचारून भल्याभल्यांना भंडावून सोडणारी. कावळ्याच्या घराची गोष्ट कुणाच्या ओठांवर असते? अशाच बायकांच्या. संस्कृतातल्या ग्रंथात तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

पुढे यादवांचं राज्य बुडालं त्या धामधुमीत मूळ पोथीच लुटली गेली. मग जे हाती राहिलं ते स्मरणातून. ज्यांना जेवढं पाठ होतं त्यांनी तेवढं सांगितलं आणि नवे पाठ तयार झाले. त्यातला एक हिराइसेच्या नावानं ओळखला जातो. म्हणजे ज्यांच्यासाठी ग्रंथ मराठीत राहिला, त्यांच्यातल्याच एकीच्या स्मरणशक्तीनं तो वाचवायला हात लावला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हिराइसेच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरी ओळ येते, हे मला खटकतं.

त्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. बाहेरच्याला अक्षर लागू नये हा हेतू. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपीची किल्ली जाहीर केली, तोवर कावळ्याचं ते शेणाचं घर मठांतल्या पोथ्यांत कुलपात होतं. आणि मधल्या त्या सगळ्या शतकांत हीच गोष्ट गावोगावच्या अंधाऱ्या खोल्यांत रोज रात्री मोठ्यानं सांगितली जात होती. पोथी जपणाऱ्यांना या गोष्टीचं रहस्य राखायची गरज नव्हती, आणि आज्यांना पोथीची.

छापील लीळाचरित्राची हकिगतही विदर्भातूनच जाते. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात ते भागाभागांनी काढलं. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी त्याआधीच महानुभाव वाङ्मयाकडे अभ्यासकांचं लक्ष ओढलं होतं. मलकापूरजवळच्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी आयुष्य वेचून केलेलं संपादन १९७८ साली आलं. त्यातल्या मजकुरावर महानुभाव पंथीयांनी हरकत घेतली आणि जो वाद पेटला तो पुष्कळांना आठवत असेल. त्यात शिरत नाही.

त्यापेक्षा एक लीळा सांगतो. शाळेच्या पुस्तकामुळे ती अनेकांच्या ओळखीची असेल. चक्रधर झाडाखाली बसलेले. पारध्यांनी ससा उठवलाय, कुत्री मागे लागलीत. ससा धावत येतो आणि थेट त्यांच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी येऊन थांबतात. ते उद्धट नाहीत, जी-जी करून बोलतात, पण ससा सोडा म्हणतात. पैज लागलीय, प्रकरण हातघाईवर येईल, ही त्यांची अडचण. स्वामी म्हणतात, इथे शरण आलेल्याला मरण कसं? मग त्यांनाच विचारतात, रानात राहून गवत खाणाऱ्या, झऱ्याचं पाणी पिणाऱ्या या जिवांनी तुमचं काय बिघडवलं? पारध्यांचं मन वळतं, ते निघून जातात. तेव्हा स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला निरोप देतात. निरोप देताना त्याला ‘महात्मा’ म्हणतात.

म्हाइंभटांनी त्यावर भाष्य केलेलं नाही. मी करतो. सशाला थांब म्हटलेलं नाही, आधी हे होऊ दे मग ते होऊ दे असं काही नाही. आणि गुडघ्याखाली घेतलेल्या जिवाला कायमचं पाळून ठेवलेलंही नाही. धोका टळल्याबरोबर त्याला त्याचं रान परत. एकाच पोथीत, एकाच माणसाच्या नावावर, आडोसा मागणाऱ्याच्या या दोन गोष्टी आहेत. पोरांना दया शिकवायचीच असेल तर ही सशाची सांगा. कावळ्याची गोष्ट हसायला आणि दारामागून चिमणीवर ओरडायला राहू द्या.

हा सशाचा धागा वऱ्हाडात तुटलेला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीनं मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली. गाडगेबाबा झाल्यावर त्यांनी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला गोरक्षण उभं केलं, जत्रांतल्या पशुबळींविरुद्ध कीर्तनं केली, आणि त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हे एक कलम आहे. त्यांनी लीळाचरित्र वाचलं असण्याचं कारण नाही, ते शाळेतच गेले नव्हते. अशा गोष्टी इथे कानांवरून येतात.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ झालंय. महानुभाव साहित्याचे अभ्यासक अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू. पोथ्यांचं काम तिथे होईलच. माझी मागणी छोटी आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांकडून चिऊ-काऊची गोष्ट म्हाइंभटांच्या रीतीनं उतरवून घ्या: सांगणारी कोण, गाव कोणतं, चिमणीच्या सबबी किती, कावळ्याचं शेवटी काय झालं. दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. आणि त्याला तव्यावर बसवणारी कुणी भेटली, तर मुलांवर वाईट संस्कार होतील म्हणून तिची गोष्ट दुरुस्त करायला जाऊ नका.